रोटाव्हायरसचा स्ट्रेन सर्व्हेलन्स: आपल्या हॉस्पिटलात सुरू कसा करायचा आणि दहा वर्षं टिकवायचा कसा

रोटाव्हायरस या लहान मुलांत जुलाब करणाऱ्या व्हायरसने आजारी पडलेल्या बाळावर उपचार करायला त्याचा स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, कळायची काही गरज नसते. ओआरएस, झिंक, डिहायड्रेशन जास्त असेल तर सलाईन, बास, जी१ असो की जी३ (ही स्ट्रेनची नावं, पुढे समजावतो) असो उपचार तोच. म्हणून वॉर्डातले रेसिडेंट विचारतात की हे टाइपिंग, म्हणजे स्ट्रेन कोणता ते शोधणं, कशाला करत बसायचं, आणि त्यांचा प्रश्न अगदी बरोबर आहे. त्या एका बाळाला याचा उपयोग नाहीच. उपयोग आहे तो लसीचं काय चाललंय हे कळायला. कोट्यवधी बाळांना आपण तोंडावाटे थेंब देतोय, त्या थेंबांसमोर व्हायरस कसा वागतोय, लसीतल्या स्ट्रेनपेक्षा वेगळे स्ट्रेन पुढे येतायत का, आणि आले तर ते लसीमुळे आले की तसेही येणारच होते, हे सांगणारी दुसरी सोयच नाहीये.

आपल्याकडे तर हे आणखी गरजेचं आहे कारण आपल्या लसी वेगळ्या आहेत. रोटाव्हॅक ही ११६ई नावाच्या स्ट्रेनपासून बनली, हा स्ट्रेन १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांमध्ये सापडला होता, बाळांना संसर्ग होता पण जुलाब नव्हते, आणि डॉ. महाराज किशन भान यांच्या टीमने त्यातली शक्यता ओळखली. त्या स्ट्रेनचा टाइप जी९पी[११]. तिसऱ्या टप्प्याची ट्रायल दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढूच्या परिसरात झाली, ६,७९९ बाळं होती त्यात. दुसरी रोटासिल, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची, तिच्यात जी१, जी२, जी३, जी४ आणि जी९ असे पाच. सरकारी लसीकरणात २०१६ च्या मार्चमध्ये आंध्र, हरियाणा, हिमाचल आणि ओडिशा या चार राज्यांपासून सुरुवात झाली, महाराष्ट्रात २०१९ मध्ये आली. म्हणजे तुम्ही आज काम सुरू केलं तर लसीनंतरचाच काळ बघणार, लसीआधीचा बघायचा तर जुन्या फ्रीझरमधली सॅम्पलं किंवा जुना छापलेला डेटा शोधावा लागणार. तरीही सुरू कराच, कारण पुढच्या लसीबदलासाठी आजचा काळ हाच "आधीचा" काळ असणार आहे.

हा लेख मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी आणि पेडियाट्रिक्सवाल्यांसाठी आहे, एमएस्सीची मुलंही वाचू शकतील.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा

रोटाव्हायरसचा जीनोम म्हणजे दुहेरी धाग्याच्या आरएनएचे ११ तुकडे. बाहेरच्या कवचावर दोन प्रोटीन, व्हीपी७ वरून जी टाइप ठरतो आणि व्हीपी४ वरून पी टाइप. पी जीनोटाइपचा आकडा चौकोनी कंसात लिहायचा, तो कंस शोभेचा नाही, पी चे सेरोटाइपचे (ॲन्टिबॉडीवरून ठरवलेल्या प्रकारांचे) नंबर वेगळे आहेत म्हणून तो लागतो, रिपोर्टमध्ये गाळू नका. माणसं आणि प्राणी सगळे धरून ४० च्या वर जी आणि ५० च्या वर पी माहीत आहेत, पण माणसांत मुख्य फिरतात ते जी१पी[८], जी२पी[४], जी३पी[८], जी४पी[८], जी९पी[८] आणि जी१२ हा पी[८] किंवा पी[६] सोबत.

आणि एकाच पेशीत दोन स्ट्रेन शिरले की हे ११ तुकडे आपसात अदलाबदल करतात. सगळी विविधता, सगळी डोकेदुखी, इथून येते. पुणे परिसरात सापडलेला जी९पी[४] बघा ना, जी९ बरोबर सहसा पी[८] असतो आणि पी[४] बरोबर सहसा जी२, हा दोन घरांतून येऊन जमलेला जोड.

पायरी १: केस कोणाला म्हणायचं ते लिहून काढा आणि मग त्याला हात लावू नका

दीर्घकाळाच्या सर्व्हेलन्समध्ये (सतत नजर ठेवण्याच्या कामात) मशीन, प्रायमर (पीसीआरमध्ये जीन पकडायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे), सॉफ्टवेअर सगळं बदलणार, माणसं तर बदलणारच. एक गोष्ट बदलायची नाही, ती म्हणजे कोणतं मूल आत घ्यायचं. चाळणीची भोकं दर दोन वर्षांनी लहानमोठी केली तर खाली काय पडलं याची तुलना करता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या चौकटीत बसेल अशी व्याख्या घ्या: वय पाच वर्षांच्या आतलं, २४ तासांत तीन किंवा जास्त पातळ शी, आजार सात दिवसांपेक्षा जुना नाही, शीत रक्त नाही, आणि जुलाबाच्या उपचारासाठी ॲडमिट झालेलं. सॅम्पल ॲडमिट झाल्यापासून ४८ तासांच्या आत, नाहीतर हॉस्पिटलमध्येच लागलेला संसर्ग मोजला जाईल, आणि पेडियाट्रिक वॉर्डात रोटा किती सहज पसरतो हे वेगळं सांगायला नको. ओपीडीतली मुलं घ्यायची असतील तर जरूर घ्या पण वेगळा गट म्हणून, वेगळ्या कोडने, ॲडमिशनच्या आकड्यात कधीही मिसळू नका.

प्रत्येक मुलाचा वेसिकारी स्कोअर काढा. जुलाब किती दिवस, जास्तीत जास्त किती वेळा, उलटी किती दिवस आणि किती वेळा, ताप, डिहायड्रेशन, उपचार, असे सात मुद्दे, २० पैकी, ११ किंवा वर म्हणजे गंभीर. हे पहिल्याच दिवशी भरून पूर्ण होत नाही, डिस्चार्जच्या दिवशी परत विचारावं लागतं, म्हणून फॉर्मचं ते पान डिस्चार्ज कार्डाला स्टेपल करून ठेवलेलं बरं.

पायरी २: न घेतलेल्या मुलांचंही रजिस्टर

हे कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात आधी बंद पडतं. वॉर्डात त्या महिन्यात जुलाबाची किती मुलं ॲडमिट झाली, त्यातली किती व्याख्येत बसली, किती पालकांनी संमती दिली, किती जणांची शी मिळाली, हे चार आकडे दर महिन्याला हवेत. ते नसतील तर पाच वर्षांनी पॉझिटिव्ह कमी झालेले दिसतील आणि कुणालाच सांगता येणार नाही की आजार कमी झाला की रविवारी सॅम्पल घेणारं कोणी नव्हतं.

लसीची माहिती कार्ड बघूनच लिहायची. आई म्हणते "सगळे डोस झालेत", ती खोटं बोलत नाही, पण पोलिओचे थेंब आणि रोटाचे थेंब दोन्ही तोंडातूनच दिले जातात तर आठवणीत एकच होऊन जातात. कार्डाचा मोबाईलवर फोटो घ्या, प्रत्येक डोसची तारीख आणि कोणती लस ते लिहा, कार्ड नसेल तर "कार्ड पाहिलं नाही" असा स्पष्ट रकाना ठेवा. ६, १०, १४ आठवडे हे आपलं वेळापत्रक. ही तारीख पुढे दोन ठिकाणी कामाला येते, लस किती परिणामकारक हे काढताना, आणि लसीचाच व्हायरस शीत सापडला का हे ठरवताना.

एथिक्स कमिटीची परवानगी आणि मराठीतलं संमतीपत्र आधीच तयार ठेवा. संमतीपत्रात सॅम्पल साठवून पुढे परत तपासलं जाईल हे वाक्य पाहिजेच. हे वाक्य नसलं तर दहा वर्षांची फ्रीझरमधली मेहनत हातात असून वापरता येत नाही.

पायरी ३: सॅम्पल

शी हवी, रेक्टल स्वॅब नाही, स्वॅबमध्ये मटेरियल फारच कमी येतं आणि सीक्वेन्सिंगपर्यंत (जीनची अक्षरं वाचण्यापर्यंत) पोचत नाही. अडचण डायपरची. हल्लीचे डायपर पातळ शी सेकंदात शोषून घेतात, सिस्टर येईपर्यंत आत फक्त जेल उरलेला असतो. उपाय सोपा, डायपर उलटा बांधायचा, प्लास्टिकची बाजू आत, किंवा आत स्वच्छ पातळ प्लास्टिक अंथरायचं, आणि शी झाली की चमचा लावलेल्या डबीत पाच मिली घ्यायची. हे आईला दाखवून सांगितलं की ती स्वतःच हाक मारते, "सिस्टर, झाली बघा", यासारखी दुसरी यंत्रणा नाही. डबीवर नाव लिहायचं नाही, कोड, तारीख, वेळ. स्टिकर फ्रीझरमध्ये टिकणारा घ्या, साधा कागदी लेबल उणे तापमानात सुटून खाली पडतो आणि मग डबी आहे पण ती कोणाची ते माहीत नाही.

वॉर्डातल्या फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्रीला थोडे दिवस चालतं, लॅबला नेताना आईसपॅकमध्ये. लॅबमध्ये आल्याबरोबर तीन भाग करा: एक तपासणीला, दोन उणे ७० ला, आणि ते दोन शक्यतो दोन वेगवेगळ्या फ्रीझरमध्ये. लाईट गेली, कॉम्प्रेसर बंद पडला, असं दहा वर्षांत एकदा तरी होणारच हे गृहीत धरून चाला. परत परत वितळवणं टाळायचं म्हणूनच भाग लहान करायचे.

पायरी ४: आधी एलायझा, सगळ्यांचा

स्क्रीनिंगला एलायझा, म्हणजे शीत व्हायरसचं व्हीपी६ हे प्रोटीन आहे का ते शोधणारी टेस्ट. हल्ली सगळ्यांना थेट रिअल टाइम पीसीआर (व्हायरसचे जीन वाढवून शोधणारी टेस्ट) हवा असतो कारण तो जास्त सेन्सिटिव्ह आहे, पण तिथेच गोची आहे, पीसीआर इतका बारीक पकडतो की जुन्या संसर्गाचा उरलासुरला व्हायरसही पॉझिटिव्ह येतो, आणि मग या मुलाचे आत्ताचे जुलाब रोटामुळेच आहेत का हे सांगता येत नाही. शिवाय मागचे सगळे आकडे एलायझाचे असतील तर एका रात्रीत पॉझिटिव्हिटी वाढलेली दिसेल. पीसीआर करायचाच असेल तर एलायझाच्या जागी नको, सोबत करा. किट बदलायची वेळ आली, आणि टेंडरमुळे ती येतेच, तर जुन्या आणि नव्या किटवर तीच सॅम्पलं समांतर तपासा आणि तारीख मोठ्या अक्षरात नोंदवा.

एक लक्षात ठेवा, हा एलायझा ग्रुप ए, म्हणजे मुलांत जुलाब करणारा रोटाव्हायरसचा मुख्य गट, एवढ्यापुरताच आहे. मोठ्या माणसांत ग्रुप बी रोटाव्हायरस आपल्या देशात सापडलेला आहे, कोलकात्यात आणि पुण्यातही, तो या टेस्टला दिसतच नाही.

पायरी ५: किती टाइप करायचे

पॉझिटिव्ह कमी असतील तर सगळे. जास्त असतील आणि पैसे कमी असतील तर निवडा, पण पहिले ५० घेऊन थांबू नका, पहिले ५० म्हणजे सीझनच्या सुरुवातीचे. प्रत्येक महिन्याच्या पॉझिटिव्हमधून त्या प्रमाणात, दर तिसरं किंवा दर चौथं असं.

आकड्याचा अंदाज हवा असेल तर हिशोब सरळ आहे. एखादा स्ट्रेन ५ टक्के मुलांत असेल तर तो निदान एकदा तरी सापडण्याची ९५ टक्के खात्री हवी म्हणून ५९ सॅम्पलं टाइप करावी लागतात, २ टक्क्यांत असेल तर १४९, आणि १ टक्क्यात असेल तर २९९. म्हणजे वर्षाला ६० टाइप करणाऱ्या एका हॉस्पिटलने "आमच्याकडे हा स्ट्रेन नाही" असं म्हणायचं नाही, "सापडला नाही" एवढंच म्हणायचं. म्हणूनच एकट्याने करण्यापेक्षा आजूबाजूची तीन-चार हॉस्पिटलं एकत्र आलेली चांगली. आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवर हे झालेलंच आहे, आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २००५ ते २००९ मध्ये नेटवर्क चालवलं, ॲडमिट मुलांत सुमारे ४० टक्के रोटा पॉझिटिव्ह निघाले होते, मग २०१२ पासून वेल्लोरच्या सीएमसीसोबत (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) दुसरा टप्पा झाला, पुण्याची एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) त्यात होती. त्यांच्या पद्धतीशी आपली पद्धत जुळवून घेतली तर तुलना फुकटात मिळते.

पायरी ६: जी आणि पी टाइपिंग

शीचं १० टक्के सस्पेन्शन बफरमध्ये करा, सेंट्रिफ्यूज करा, वरच्या पाण्यातून आरएनए काढा. हा आरएनए दुहेरी धाग्याचा असतो, म्हणून रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शनच्या (आरएनएवरून डीएनए बनवण्याच्या) आधी ९५ ते ९७ डिग्रीला पाच मिनिटं उकळून लगेच बर्फात दाबायचा. लगेच म्हणजे लगेच. ट्यूब हातात धरून शेजारच्याशी बोलत बसलात तर धागे परत जुळतात आणि बॅण्ड फिका येतो, मग लोक किटला दोष देतात.

पहिल्या राउंडमध्ये व्हीपी७ चा ८८१ आणि व्हीपी४ चा ८७६ बेसचा तुकडा, दुसऱ्या राउंडमध्ये प्रत्येक टाइपचा वेगळा प्रायमर असलेला मल्टिप्लेक्स (सगळे प्रायमर एकाच ट्यूबमध्ये), जेलवर बॅण्ड कुठे येतो त्यावरून टाइप. नेस्टेड पीसीआर आहे, म्हणजे कंटॅमिनेशनला आमंत्रणच. मास्टर मिक्सची जागा वेगळी, आरएनए टाकायची वेगळी, पहिल्या राउंडचं प्रॉडक्ट उघडायची तिसरी, आणि पिपेट इकडचे तिकडे न्यायचे नाहीत. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून आपल्या भागात फिरणारा स्ट्रेन वापरू नका. माकडातून आलेला एसए११ वापरा, त्याचा पी टाइप माणसांत सहसा दिसत नाही, त्यामुळे मुलाच्या सॅम्पलमध्ये तो दिसला की सीक्वेन्सवरून कळतं हा कंट्रोल सांडलेला आहे.

आता टाइप न झालेल्यांबद्दल, कारण खरं काम इथे आहे. जेलवर काहीच आलं नाही तर तीन शक्यता: सॅम्पल खराब, एलायझा खोटा पॉझिटिव्ह, किंवा स्ट्रेन असा की प्रायमर चिकटतच नाही. म्हणून आधी व्हीपी६ चा ३७९ बेसचा पीसीआर लावा. तो निगेटिव्ह आला तर एलायझा परत करा. तो पॉझिटिव्ह आला तर व्हायरस आहे, प्रायमर कमी पडतायत, पहिल्या राउंडचं प्रॉडक्ट थेट सीक्वेन्सिंगला पाठवा, तेही नसेल तर दुसरे प्रायमर. प्रायमर हे ज्या काळात बनले त्या काळातल्या स्ट्रेनवर बनलेत, व्हायरस पुढे गेला, त्यामुळे "अनटाइपेबल" चं प्रमाण एखाद्या वर्षी अचानक वाढलं तर त्याकडे बातमी म्हणून बघा. नवीन स्ट्रेन बहुतेक वेळा आधी याच डब्यात जमा होतात.

बॅण्ड व्यवस्थित आला तरी दर सीझनला प्रत्येक टाइपमधले काही सीक्वेन्स कराच, चुकीच्या टाइपला प्रायमर चिकटल्याची उदाहरणं आहेत. आणि दोन जी किंवा दोन पी एकत्र दिसले तर मिक्स इन्फेक्शन असं लिहून वेगळ्या रकान्यात, त्याला मोडून दोन टाइपमध्ये वाटू नका.

लसीचा व्हायरस ओळखायचा कसा? दोन महिन्यांचं बाळ, आठ दिवसांपूर्वी रोटाव्हॅकचा डोस, शीत जी९पी[११]: हा बहुतेक लसीचाच, सीक्वेन्स ११६ई शी जुळवून खात्री करायची. रोटासिलमधल्या स्ट्रेनचा पी टाइप गाईच्या रोटाव्हायरसचा, पी[५], म्हणून जी१ सोबत पी[५] दिसला की डोसची तारीख बघा. ही मुलं स्ट्रेनच्या टक्केवारीतून बाहेर काढा पण रजिस्टरमधून काढू नका. मात्र पी[११] दिसला म्हणजे लसच असंही नाही, वेल्लोरमध्ये नवजात बाळांत जी१०पी[११] नैसर्गिकपणेच फिरत होता.

पायरी ७: जुनं पेज जेल फेकून देऊ नका

इथे थोडं जास्त लिहितो कारण तरुण मंडळींना हे जुनाट वाटतं. आरएनएचे ११ तुकडे पॉलिॲक्रिलामाइड जेलवर विजेने पळवले (यालाच पेज म्हणतात) आणि सिल्व्हर स्टेन केलं की पट्ट्यांचा एक नमुना दिसतो, ग्रुप ए मध्ये चार, दोन, तीन, दोन असे गट. जेल पिवळसर तपकिरी, त्यावर गडद रेघा, एकदा नजर बसली की लांबूनही ओळखू येतो. काहींमध्ये अकरावा तुकडा हळू पळतो आणि दहाव्याच्या मागे राहतो, त्याला शॉर्ट पॅटर्न म्हणतात. शॉर्ट पॅटर्न सहसा जी२पी[४] चा, म्हणजे डीएस-१ घराण्याचा (माणसांतल्या रोटाची दोन मोठी घराणी, डीएस-१ आणि डब्ल्यूए). जी१पी[८] चा लॉन्ग, डब्ल्यूए घराण्याचा.

२०१२ मध्ये जपानमध्ये जी१पी[८] असूनही शॉर्ट पॅटर्न देणारे स्ट्रेन दिसले. पीसीआरच्या हिशोबाने ते आपले नेहमीचे जी१पी[८], कुणी लक्षही दिलं नसतं. पूर्ण जीनोम काढल्यावर कळलं की बाहेरचे दोन जीन डब्ल्यूए कडचे आणि आतले सगळे डीएस-१ कडचे. मग असे स्ट्रेन थायलंड, व्हिएतनाम, मलावीतही सापडले. २०१३ पासून पुढे घोड्यातल्या रोटाव्हायरससारखा जी३ घेतलेला जी३पी[८] आला, त्याचाही आतला सांगाडा डीएस-१ चा, तो ऑस्ट्रेलिया, जपान, थायलंड, स्पेन, हंगेरी, जर्मनी असा पसरला. साध्या टाइपिंगवर हा आणि जुना जी३पी[८] एकसारखेच दिसतात. म्हणजे दोन जीनवरून काढलेला टाइप हा पत्ता नव्हे, फक्त पिनकोड आहे. पूर्ण जीनोमचे पैसे नसतील तर निदान पेज लावा, पीसीआर आणि पेज एकमेकांशी जुळत नाहीत तेवढीच सॅम्पलं पूर्ण जीनोमला पाठवा, कमी खर्चात जास्तीत जास्त सापडतं.

पूर्ण जीनोमचं नाव ११ अक्षरांच्या साखळीत लिहितात, जी, पी, आय, आर, सी, एम, ए, एन, टी, ई, एच, प्रत्येक जीनची स्वतःची कट-ऑफ आहे, व्हीपी७ आणि व्हीपी४ ला ८० टक्के न्यूक्लिओटाइड साम्य, व्हीपी६ ला ८५, एनएसपी५ ला ९१. डब्ल्यूए घराण्यात जी-पी सोडून बाकी सगळे १, डीएस-१ मध्ये सगळे २, साखळीत १ आणि २ मिसळलेले दिसले की थांबून बघा. सीक्वेन्स जेनबँक या सगळ्यांना खुल्या डेटाबेसमध्ये टाका आणि नाव ठरलेल्या पद्धतीने द्या, म्हणजे ग्रुप, माणूस, देश, लॅबचा कोड, वर्ष, टाइप. कपाटात ठेवलेला सीक्वेन्स कुणाच्याच कामाचा नाही.

पायरी ८: वर्ष जुलैपासून जूनपर्यंत

आपल्याकडे पश्चिम भारतात रोटाचा जोर थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारी. कॅलेंडर वर्ष धरलं तर एकच सीझन मधोमध कापला जातो आणि दोन अर्धे सीझन एकत्र शिवले जातात, मग स्ट्रेन बदल नेमका कधी झाला ते दिसतच नाही. जुलै ते जून धरा. आणि हो, दिवाळीच्या सुट्टीत सॅम्पल कोण घेणार ते ऑक्टोबरमध्येच ठरवा, सीझन दिवाळीनंतर लगेच चढायला लागतो.

२०२० आणि २०२१ च्या लॉकडाऊनमधले आकडे पूर्ण डेटामध्ये मोकळे किंवा वेगळ्या रंगात ठेवा. दोन्ही बाजूंची सरासरी काढून ती दरी भरायची नाही.

पायरी ९: आलेख वाचताना

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. टक्केवारी वाढली म्हणजे स्ट्रेन वाढला असं नाही. समजा (आकडे समजायला घेतलेत) लसीआधी एका हॉस्पिटलात सीझनला १०० पॉझिटिव्ह, त्यात ६० जी१, २० जी२. लसीनंतर ४० पॉझिटिव्ह, त्यात १० जी१ आणि १८ जी२. जी२ ची टक्केवारी २० वरून ४५ वर गेली, हेडलाईन तयार, "लसीमुळे जी२ फोफावला". प्रत्यक्षात जी२ ची मुलं २० वरून १८ झाली. लसीने जी१ जास्त कमी केला आणि जी२ जवळपास तसाच ठेवला, ही वेगळी गोष्ट आहे आणि तीही महत्त्वाचीच, पण ती वेगळी. म्हणून प्रत्येक आलेखात टक्केवारीच्या शेजारी मुलांची संख्या आणि एकूण जुलाबाच्या ॲडमिशन हव्यातच. पायरी २ चं रजिस्टर इथे लागतं.

ब्राझीलचं उदाहरण खरं आहे. त्यांनी मार्च २००६ मध्ये जी१पी[८] चा एकच स्ट्रेन असलेली लस, रोटारिक्स, आणली आणि पुढच्या काळात जी२पी[४] जवळजवळ सगळीकडे व्यापून राहिला. सगळे म्हणाले लसीचा दबाव. पण त्याच काळात शेजारच्या अर्जेंटिना आणि पॅराग्वेतही जी२पी[४] वर आला होता, तिथे तर तेव्हा लसच नव्हती. मला स्वतःला वाटतं की लस नसलेला शेजारी बघितल्याशिवाय लसीला श्रेय किंवा दोष कुणी देऊच नये.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण याच्या दुसऱ्या बाजूचं. जुलै २००७ मध्ये देशभर लस आली पण काही राज्यांनी रोटारिक्स निवडली, काहींनी रोटाटेक (पाच स्ट्रेनची लस), आणि मेलबर्नच्या लॅबमध्ये (रोटाव्हायरस पहिल्यांदा १९७३ मध्ये रूथ बिशप यांनी दाखवला तो मेलबर्नमध्येच) सगळ्या राज्यांची सॅम्पलं १९९९ पासूनच एका पद्धतीने टाइप होत होती. त्यामुळे दिसलं की रोटाटेकवाल्या राज्यांत जी१२पी[८] पुढे, रोटारिक्सवाल्यांत जी२पी[४] आणि घोड्यासारखा जी३पी[८] जास्त. एकच देश, एकच लॅब, एकच व्याख्या, दोन लसी, म्हणून हा पुरावा इतका वजनदार. आपल्याकडेही काही राज्यांत रोटाव्हॅक, काहींत रोटासिल अशी वाटणी झाली, म्हणजे तशीच संधी आपल्याला आहे, फक्त दोन्हीकडची सॅम्पलं एकाच पद्धतीने तपासलेली हवीत.

आणि भारतात गेल्या दशकाच्या मध्यापासून जी१पी[८] मागे पडून जी३पी[८] पुढे आला, तो बदल सगळीकडे लस पोचायच्या आधीच सुरू झाला होता. लस आल्यानंतर ज्यांनी मोजायला सुरुवात केली त्यांना हे लसीचंच काम वाटलं असतं.

निष्कर्ष काढायच्या आधी निदान तीन सीझन थांबा. लसीची परिणामकारकता स्ट्रेनवार काढायची असेल तर त्याच वॉर्डातली रोटा निगेटिव्ह मुलं तुलनेला घ्या, टेस्ट निगेटिव्ह पद्धत म्हणतात तिला, फक्त ज्यांचं कार्ड पाहिलंय अशीच मुलं धरा आणि वयाचा हिशोब नीट करा.

पायरी १०: माणसं आणि फ्रीझर

रेसिडेंट सहा महिन्यांनी बदलतात, टेक्निशियनचं काँट्रॅक्ट संपतं, ग्रँट तीन वर्षांची असते. म्हणून प्रत्येक पद्धत मराठीत आणि इंग्रजीत दोन पानांत लिहून वॉर्डात आणि लॅबमध्ये चिकटवा. बदलांची एक वेगळी वही ठेवा, नवीन किट, नवीन प्रायमर, फ्रीझर बंद पडला, व्याख्येबद्दल कुणाला शंका आली, तारखेसकट सगळं त्यात. दर तिमाहीला दहा टक्के सॅम्पलं कोड बदलून परत तपासा, वर्षातून एकदा दुसऱ्या लॅबला पाठवा.

वॉर्डाला दर सीझनच्या शेवटी एक पान द्या: तुमच्या किती मुलांची सॅम्पलं आली, किती पॉझिटिव्ह, कोणते स्ट्रेन, लस घेतलेल्यांत गंभीर किती. भाषा साधी, आलेख एक. आपण रात्री दोन वाजता भरलेल्या डबीचं पुढे काय झालं हे सिस्टरना कळलं की पुढच्या सीझनला सॅम्पल वाढतात.

आणि दर चार-पाच वर्षांनी जुने अनटाइपेबल बाहेर काढून नव्या प्रायमरने परत लावा, निकाल जुन्या वर्षाच्याच रकान्यात भरा आणि "परत तपासलं" अशी खूण करा. जी१२ मुळात १९८७ मध्ये फिलिपिन्समध्ये सापडला होता आणि जगभर दिसायला लागला तो कितीतरी वर्षांनी. मधल्या काळातल्या कुणाच्या फ्रीझरमध्ये तो होता का, हे ज्यांनी डब्या जपल्या त्यांनाच शोधता आलं.